जपानच्या त्या गोलाबाबत खुलासा
कतार विश्वचषकात १ डिसेंबर २०२२ रोजी जपानने स्पेनविरुद्ध केलेला दुसरा गोल चेंडू बाहेर गेल्यावर झाला, असा दावा एका छायाचित्रासह फिरत आहे. त्यात चेंडू आणि रेषेमध्ये हिरवळ दिसते हे खरे. परंतु फुटबॉलच्या नियम ९ नुसार संपूर्ण चेंडूने रेषा ओलांडल्याशिवाय तो बाहेर धरत नाहीत, आणि जमिनीला टेकलेला भाग पलीकडे असला तरी चेंडूचा फुगवटा रेषेवर असू शकतो, जो तिरक्या कोनातून कळत नाही. व्हीएआरने, म्हणजे चित्रफीत पाहून मुख्य पंचांना मदत करणाऱ्या पंचांनी, गोलरेषेवरील कॅमेऱ्याची दृश्ये तपासूनच गोल दिला; फिफाने ती नंतर प्रसिद्धही केली. ती प्रेक्षकांना वेळीच दाखवायला हवी होती, ही तक्रार मात्र रास्त आहे. कृपया हे छायाचित्र त्या दाव्यासह पुढे पाठवू नये.