रेडिएशननंतर रोबोटिक ऑपरेशन: त्या मेसेजमध्ये काय चुकलंय?

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘रेडिएशननंतर प्रोस्टेटचा कॅन्सर उलटला तरी घाबरू नका. पीएसए वाढला की लगेच रोबोटिक ऑपरेशन करून घ्या. रोबोटची चूक होत नाही, लघवीवरचा ताबा जात नाही. दुसरा उपायच नाही.’

‘पीएसए वाढला की लगेच.’ मुळीच नाही. पीएसए म्हणजे प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) बनवते ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन. रेडिएशननंतर ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे पीएसए सहसा शून्याला टेकत नाही, आणि पहिल्या काही वर्षांत थोडा वर जाऊन आपोआप उतरतोही. म्हणून गाठलेल्या नीचांकापेक्षा तो मिलीलिटरमागे २ नॅनोग्रॅमने चढला, तरच रोग परतल्याचं धरतात. पुढे पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारा), एमआरआय आणि बायोप्सी. रोग ग्रंथीतच आहे याची शक्य तितकी खात्री झाल्याशिवाय ती काढण्याचा विचारही होऊ नये.

‘रोबोटची चूक होत नाही.’ रोबोट स्वतःहून काही कापत नाही. कन्सोलवर (नियंत्रणाच्या टेबलावर) बसलेला सर्जन त्याचे हात हलवतो. दृश्य मोठं दिसतं, रक्तस्राव कमी होतो, हे खरं. पण अडचण हत्यारांत नसून पेशींत आहे. रेडिएशनने भाग कडक होतो, प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यातला एरवी सहज सुटणारा थर चिकटून बसतो. गुदाशयाला इजा होण्याचा धोका म्हणूनच वाढतो. टाके भरायलाही वेळ लागतो. मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे जोडतात तो सांधा गळतो किंवा आकसतो.

‘ताबा जात नाही’ हे वाक्य तर कुणी लिहूच कसं शकतं? लघवी रोखणाऱ्या स्नायूनेही रेडिएशन सोसलेलं असतं. इथे लघवी गळणं पहिल्यांदाच होणाऱ्या ऑपरेशनपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि ताठरता बहुतेकांची जाते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या चाचणीत (२०१८ चे निष्कर्ष) ऑपरेशन हाच पहिला उपचार असलेल्या रुग्णांतही, दोन वर्षांनी लघवी आणि लैंगिक क्षमतेच्या बाबतीत रोबोटिक व उघडी शस्त्रक्रिया सारख्याच ठरल्या.

‘दुसरा उपाय नाही.’ क्रायोथेरपी (गोठवून रोग मारणं), हायफू (ध्वनिलहरींच्या उष्णतेने जाळणं), ब्रॅकीथेरपी (ग्रंथीच्या आतून रेडिएशन), नेमक्या जागी बाहेरून पुन्हा रेडिएशन, काहींसाठी हार्मोनवरचे उपचार किंवा नुसती देखरेख, एवढे पर्याय आहेत. १५० अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या विश्लेषणात यातल्या स्थानिक उपायांनंतर पाच वर्षं रोगमुक्त राहण्याचं प्रमाण साधारण ५० ते ६० टक्के होतं. ऑपरेशन त्यांच्यापेक्षा सरस ठरलं नाही. मूत्रमार्गाचे गंभीर त्रास मात्र ऑपरेशन आणि हायफूनंतर २१ टक्क्यांहून जास्त, तर पुन्हा रेडिएशननंतर सुमारे ४ ते ८ टक्के.

तरीही ऑपरेशन निकालात काढू नका. प्रकृती ठणठणीत, पुढे किमान दहा वर्षांचं आयुष्य अपेक्षित, पीएसए १० च्या खाली, रोग ग्रंथीपुरताच, अशा निवडक रुग्णांत ते विचारात घेतलं जातं. ते करणाऱ्या सर्जनला पहिला प्रश्न मशीनचा नको, रेडिएशन झालेल्या किती ग्रंथी काढल्या याचा विचारा.