जुन्या स्पीकरला ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या स्पीकरच्या शौकिनांत एक सल्ला हातोहात फिरतो: जुनी जोडी मिळाली की आहे तशीच वाजवा, आत काही बदललंत की मूळ आवाज गेलाच. सोबत कारणंही असतात. आवाज वयाबरोबर मुरतो, वाजतोय म्हणजे सगळं ठीक आहे, तेव्हाची अस्सल लाकडी पेटी आता होणे नाही आणि कपॅसिटर (आतल्या जोडणीतला विद्युतभार साठवणारा भाग) बदलला की स्पीकरचा जीवच गेला. मला जुने स्पीकर मनापासून आवडतात, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं. या सल्ल्यापायी चांगल्या जोड्या वाया जातात.

आधी ‘मुरण्या’चं बघू. नव्या वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, ताठरपणा पहिल्या काही तासांत थोडा सैलावतो, एवढं खरं. त्यानंतर होते ती झीज. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या असंख्य वूफरांच्या कोनभोवती (हलणाऱ्या शंकूभोवती) पॉलियुरेथेन फोमची कड असते आणि हवेतल्या दमटपणाने तो फोम विरत जातो. स्पीकर वाजवा नाहीतर माळ्यावर ठेवा, तो विरतोच. मुंबई-कोकणाच्या हवेत तर जरा लवकरच. जाळी काढून कडेला बोट लावा. बोटाला काळा चिकट चुरा आला, तर मुरलंबिरलं काही नाही, कड संपली आहे. रबरी कड बहुधा टिकते.

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बंद पेटीच्या स्पीकरचं. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अकूस्टिक रिसर्चचा एआर-१ आणला. त्यांची कल्पना अशी, की वूफर मुद्दाम सैल बसवायचा आणि त्याला मागे खेचायचं काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवायचं. त्यामुळे छोट्या पेटीतूनही खोल, स्वच्छ बेस मिळाला. पण ही हवा कोंडलेली राहिली तरच हे सगळं जमतं. एआरच्या सुरुवातीच्या वूफरांना कापडी कड होती, तिच्यावर हवा अडवणारा लेप होता. तो लेप वाळला की कापडातून हवा झिरपते. वूफर दोन्ही बाजूंनी सारख्या दाबाने हलकेच आत ढकला आणि सोडा. तो सावकाश परत आला, तर पेटी हवाबंद आहे. झटकन उसळला, तर कुठून तरी गळते आहे. अशी गळकी पेटी ‘ओरिजिनल’ म्हणून जपायची, म्हणजे व्हिल्चर यांनी जे केलं तेच नाहीसं करायचं. याच कंपनीने लोकांसमोर फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूचं प्रत्यक्ष वादन आणि स्पीकरमधून येणारं त्याचं ध्वनिमुद्रण आलटून पालटून ऐकवलं होतं. आपल्या स्पीकरची स्वतःची चव आवाजाला लागू नये, यासाठी त्यांची धडपड होती. मग वयाने चढलेली चव त्यांच्या नावावर कशी खपवायची?

आता ‘वाजतोय म्हणजे ठीक आहे’. एआर-३च्या पाठीमागे मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करायच्या दोन चकत्या आहेत. वर्षानुवर्षं त्या कोणी फिरवत नाही आणि आतले संपर्क गंजतात. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, हळूहळू गप्प होतो, वूफर मात्र दणदणीत चालू असतो, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘काय मऊ, मधाळ आवाज आहे!’ अशी दाद मिळणाऱ्या पुष्कळ जोड्यांत प्रत्यक्षात ट्वीटर मुका झालेला असतो. कान ट्वीटरजवळ न्या आणि दोन्ही पेट्या एकेक करून ऐका, लगेच कळेल.

लाकडाचं थोडक्यात. नामांकित जुन्या पेट्या सहसा भरीव लाकडाच्या नसतातच, कारण भरीव लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. १९७०च्या जेबीएल एल-१००ची पेटी पार्टिकल बोर्डची, वर अक्रोडाचं व्हीनियर (लाकडाचा पातळ थर). बीबीसीच्या एलएस३/५एची पातळ बर्च प्लायवुडची, आतून थरथर मारणारे डांबरी पट्टे लावलेली. कौतुक करायचंच तर या विचाराचं करा.

राहिला कपॅसिटर. इथे सल्ल्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य केलं पाहिजे. मापाचा मिळेल तो कोन चिकटवणं, ट्वीटरच्या जागी दुसराच बसवणं, असल्या दुरुस्तीने आवाज खरोखर जातो. पण क्रॉसओव्हरमधले (सुरांची वाटणी करणाऱ्या जोडणीतले) नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटर वाळतात, त्यांची भार साठवण्याची क्षमता सरकते आणि अंतर्गत रोध वाढतो. मग कोणता सूर वूफरकडे आणि कोणता ट्वीटरकडे जायचा, ही वाटणीच बिघडते. दोन्ही पेट्यांत ती सारखी बिघडत नाही, म्हणून गायिकेचा आवाज मधोमध उभा न राहता पसरट होतो. त्यावर उपाय म्हणजे मीटर लावून मोजणं. मोजमाप बरोबर आलं, तर हात लावू नका. चुकलं, तर मूळच्याच क्षमतेचा नवा कपॅसिटर दोन्ही पेट्यांत घाला. फिल्म जातीचा (प्लास्टिकच्या पातळ पडद्याचा) कपॅसिटर घातलात, तर त्याचा रोध कमी असल्याने ट्वीटर जरा चढा वाटेल; तेव्हा ओळीत छोटा रेझिस्टर (रोधक) जोडा. काढलेले भाग पाकिटात घाला, कुठला कुठे होता ते वर लिहा आणि पाकीट स्पीकरबरोबरच ठेवा. ज्याला मूळचं हवं असेल, तो ते कधीही परत जोडू शकेल. विरलेला फोम आणि त्यापायी घासून जळालेली व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) मात्र अशी पाकिटात ठेवता येत नाही.