पाणी येतं तो रविवार आणि त्याच्या पुढचा रविवार

जय ख्रिस्त. थोडं लांब लिहितेय, पण बरेच दिवस मनात आहे.

रविवारी सकाळी नळाला पाणी आलं की आमच्या चर्चमधली मागची बाकं रिकामी राहतात. सोलापूरकराला यात नवल वाटणार नाही. पाणी काही दिवसांआड येतं, ते भरून ठेवलं नाही तर घर चालत नाही, आणि भरायला बहुतेक घरांत एकटी बाईच असते. त्या रविवारी न आलेल्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती पुढच्या रविवारची. पाणी नसतं, पाहुणे नसतात, कोणी आजारी नसतं, आणि तरी माणूस घरीच राहतो. मागच्या वेळी गेलो नाही तरी काहीच बिघडलं नाही, हे त्याला कळलेलं असतं.

महिला मंडळाबरोबर मी बरीच वर्षं घरभेटींना जाते. येणं थांबवलेल्या घरांत बसून, चहा घेत, जे ऐकलंय त्यावरून सांगते. विश्वास उडाला म्हणून दूर गेलेलं घर मला क्वचितच भेटलं. येशूच्या पुनरुत्थानावर शंका आली, विज्ञान वाचून प्रश्न पडले, असं सांगणारे एखाद-दुसरे. बाकीच्यांकडे आधी रात्रीची कौटुंबिक प्रार्थना बंद पडलेली असते. मग कोणाच्या तरी घरी जमून होणाऱ्या घरप्रार्थनेला जाणं सुटतं, मग प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा, रविवार चुकतो, आणि शेवटी नाताळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) तेवढे उरतात. भांडण नाही, बंड नाही. त्यांना विचारलं तर ते मनापासून सांगतात की आमचा देवावर विश्वास आहे. आणि तो असतोही.

बायबलच्या नव्या करारातला देमास आठवा, मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा सोबती. त्याचं नाव तीनच ठिकाणी येतं. फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला मार्क आणि लूक यांच्या रांगेत बसवून आपला सहकारी म्हणतो. कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी लूक ‘प्रिय वैद्य’ आहे, देमासाचं मात्र नुसतं नाव. आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात पौल तुरुंगातून लिहितो की जगाच्या प्रेमापायी देमास मला सोडून थेस्सलनीकाला गेला. मधल्या काळात काय झालं ते शास्त्र सांगत नाही. थेस्सलनीका हे काही वाईट गाव नव्हतं, तिथे तर ख्रिस्ती लोकांची चांगली मंडळी होती. पौलाच्या इतक्या जवळ राहिलेला माणूस गेला, तर आपण कोण?

आता माझं मत. आपल्याकडे उपदेशात, तरुण संघाच्या शिबिरात, कन्व्हेन्शनला एकच उपाय सांगतात: रोज पहाटे उठा, एकट्याने शांतवेळ घ्या, वैयक्तिक प्रार्थना वाढवा. ते चांगलंच आहे, मीही करते. पण माणसाला धरून ठेवणाऱ्या सवयी त्याच, ज्यांत दुसरा माणूस असतो. एकट्याची पहाटेची प्रार्थना बंद पडली तर ती कोणालाच कळत नाही. सासू, नवरा आणि दोन मुलं मिळून रात्री प्रार्थनेला बसत असतील तर एकाला कंटाळा आला तरी दुसरा हाक मारतो. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र बघा. ऐकलेल्या वचनापासून वाहवत जाऊ नका, असं दुसऱ्या अध्यायात बजावून झाल्यावर तिसऱ्या अध्यायात तो लेखक काय करायला सांगतो? दररोज एकमेकांना बोध करा. आणि दहाव्यात, एकत्र जमणं सोडू नका, जसं काही जण सोडतात. म्हणजे पहिल्या शतकातही काही जणांचे रविवार चुकत होते.

यावर शिकलेली मंडळी लगेच म्हणतात, मन नसताना नुसतं जाऊन बसायचं म्हणजे कर्मकांड झालं. मला हे पटत नाही. लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात गेला. नासरेथच्या त्या सभास्थानात, जिथल्या लोकांनी त्याच दिवशी त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून ढकलायचा प्रयत्न केला! आणि अटकेच्या रात्रीसुद्धा तो आपल्या रीतीप्रमाणे जैतुनांच्या डोंगराकडे गेला. योहान सांगतो की त्याला धरून देणाऱ्या यहूदाला ती जागा माहीत होती, कारण येशू आपल्या शिष्यांबरोबर तिथे पुष्कळदा जात असे. पकडले जाऊ हे ठाऊक असूनही त्याने त्या रात्री प्रार्थनेची जागा बदलली नाही. जुन्या करारातल्या दानीएलाचंही तेच. तीस दिवस राजाखेरीज कोणाजवळ काही मागायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा तो घरी गेला आणि पूर्वीपासून करत होता तसा दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. तरुणपणी कैद होऊन बाबेलला आलेला माणूस तेव्हा म्हातारा झाला होता. त्या दिवशी त्याला नव्याने धैर्य गोळा करावं लागलं असेल असं मला वाटत नाही.

सवयींनी तारण मिळत नाही, ते कृपेने मिळतं, यात मला शंका नाही. माझी मेंढरं माझ्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही असं प्रभूने म्हटलंय, त्यावरच मी जगते. पण ज्याने हात धरलाय त्याच्याशी रोज बोलावं की नाही, एवढाच इथला प्रश्न आहे.

कौटुंबिक प्रार्थनेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांतून सगळ्यात आधी तीच जातेय. पूर्वी जेवणं झाली की सतरंजी पसरायची, एक भजन, शास्त्रपाठ, मग वयाने सगळ्यात मोठ्याची प्रार्थना. आता एमआयडीसीत शिफ्ट, मुलांचे क्लास, प्रत्येकाच्या हातात फोन. सगळे एका वेळी घरात सापडत नाहीत, हे खरंच आहे. म्हणून माझं म्हणणं, असतील तेवढ्यांनी बसा. दोघं असतील तर दोघं. दहा मिनिटं पुरे. पण वेळ ठरलेली ठेवा आणि पुस्तक क्रमाने वाचा. क्रमाने वाचण्याचा माझा आग्रह आहे, त्याचं कारण आपल्या फोनवर आहे. सकाळी उठल्यापासून व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रावर वचन येतं. ते नेहमी आशीर्वादाचं असतं. ८८वं स्तोत्र कोणी फुलांवर टाकत नाही, कारण ते अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. पण ज्या घरात कर्ता माणूस गेलाय, ज्या पोराची नोकरी सुटलीय, त्याला तेच स्तोत्र हवं असतं. आयुष्यभर फक्त निवडक गोड वचनं खाल्लेल्या माणसावर संकट आलं की त्याला वाटतं देवाने फसवलं. शास्त्रात रडायलाही जागा आहे हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. ११९वं स्तोत्र तर १७६ वचनं नियमशास्त्रावरच्या प्रेमाने भरलेलं, आणि त्याचा शेवट कसा? मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, तुझ्या दासाला शोध. इतकं सगळं म्हटल्यावरही!

पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी म्हातारपणी, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्या याच कामात होत्या. त्यांनी ज्या बाईसाठी हे केलं ती बाई आज आपल्या घरात आहे, आणि तिच्या फोनमध्ये बायबलचं ॲपही आहे. तिला रात्री दहा मिनिटं मोकळी करून देणं हे घरातल्या बाकीच्यांचं काम आहे. भांडी कोणीही घासू शकतं.

आणि भजनं पाठ करा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांनी आपल्या वारकरी मातीतला अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या पायाशी नेऊन ठेवलं. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या मंडळीतल्या एक आजी आता काहीच वाचू शकत नाहीत, नावंही विसरतात, पण भजन सुरू झालं की सगळी कडवी म्हणतात. आजची मुलं पडद्यावर बघून गातात. पडदा बंद झाला की त्यांच्याजवळ काय राहतं, याचा विचार संडे स्कूलच्या शिक्षकांनी करावा.

आता सगळ्यात अवघड सवय. याकोब आपल्या पत्रात म्हणतो, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. हे आपण करत नाही, आणि सोलापुरात का करत नाही ते मला माहीत आहे. आपला समाज लहान. पाळकसाहेबांच्या बायकोची आतेबहीण आपल्या जावेची मैत्रीण असते. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांकडे पोचते, तीही ‘प्रार्थना करा हं’ असं म्हणत. मुलगा पितोय, सुनेचं पटत नाही, सावकाराचं कर्ज झालंय, हे सांगणार कोणाला? मग माणूस रविवारी इस्त्रीचे कपडे घालून येतो, ‘सगळं ठीक’ म्हणतो, आणि एक दिवस ते खोटं बोलणं जड झालं की येणंच थांबवतो. घरभेटीत दोन-तीन वेळा गेल्यावर, तिसऱ्यांदा चहा पिताना हे बाहेर येतं. मला वाटतं दूर जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि यावर व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. मार्ग साधा आहे, सोपा नाही. प्रत्येकाने एक माणूस धरावा, पुरुषाने पुरुष, बाईने बाई, जो नातेवाईक नाही आणि ज्याच्या तोंडून आजवर दुसऱ्याची गोष्ट आपण ऐकलेली नाही. महिन्यातून एकदा भेटून त्याने विचारावं: प्रार्थना होते का? घरात कसं चाललंय? पैशाचं काय? आणि ऐकलेलं मरेपर्यंत पोटात ठेवावं. महिला मंडळाच्या ‘प्रार्थना विषय’ सांगण्याच्या पद्धतीतही बदल व्हायला हवा. कोणाचं नाव घ्यायचं असेल तर आधी त्याला विचारून.

भांडणांचं थोडक्यात लिहिते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहेत. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या निवडणुका, जमिनी, हिशेब, कोर्ट. यात दोन्ही बाजूंची मोठी माणसं चर्चमध्ये टिकतात, त्यांची मुलं मात्र जातात. अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये, असं प्रभूने सांगितलं. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात एक फोन, एक घरभेट, एवढी जरी सवय लागली तरी कित्येक घरं वाचतील.

दशमांशाबद्दलही, म्हणजे देवासाठी द्यायच्या मिळकतीच्या दहाव्या भागाबद्दल, एकच सांगते: पगार झाल्या दिवशी बाजूला काढा, महिनाअखेर उरेल त्यातून नको. देमासाला जग प्रिय झालं ते असंच, थोडं थोडं करून झालं असावं.

आणि शेवटी आपली पोरं. शिक्षण झालं की हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठतात, हिंजवडी नाहीतर खराडी. इथे संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षीस घेतलेली मुलं तिथे वर्षभर कुठल्याच मंडळीत जात नाहीत. सुट्टीला घरी आली की चर्चला येतात, म्हणून आईवडिलांना कळतही नाही. नोकरी लागल्याची उपकारस्तुती आपण मोठी करतो, जेवण घालतो, पण सभासदत्वाचं पत्र बरोबर देत नाही आणि तिथल्या पाळकांना फोनही करत नाही. माझी सगळ्या पंचांना विनंती आहे की हे काम जूनच्या आधी हातात घ्या. आणि ज्यांची मुलं यंदा पुण्याला जाताहेत त्यांनी मला मुलगा किंवा मुलगी कोणत्या भागात राहणार ते इनबॉक्समध्ये कळवा. जवळ मराठी उपासना कुठे होते, किती वाजता होते, आणि पहिल्या रविवारी त्याला न्यायला कोण येईल, हे मी विचारून सांगते.