पत्रं लिहून भूक मिटते का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलचक देतो. ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संघटनेवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: भूक पिकाने मिटते, देवाच्या नावाने नाही, असल्या कामाआडून धर्मप्रसारच चालतो, आणि पत्रं पाठवून कोणाचं पोट भरत नाही.

धर्मप्रसाराचं आधी घेतो, ते लवकर उरकेल. ही संघटना कोणाला जेवू घालतच नाही. १९७४ साली ती काढणारे आर्थर सायमन न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात ल्यूथरन पाद्री होते. लोक उपाशी राहिल्यावर धावाधाव करण्यापेक्षा त्यांच्यावर ती वेळच येऊ नये म्हणून सरकारला धरायचं, हा त्यांचा आग्रह. शिधा नाही, खिचडी नाही. मग आमिष तरी कशाचं दाखवणार?

तिथे होतं ते असं. प्रार्थनेला येणारे लोक आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहितात. दानाची थाळी फिरते तेव्हा पैशांबरोबर ही पत्रंही अर्पण होतात, त्यांच्यावर प्रार्थना म्हटली जाते आणि मग ती वॉशिंग्टनला जातात. ‘गरिबांकडे लक्ष द्यावे’ असला मोघमपणा चालत नाही. अमुक विधेयक, तमुक योजनेची तरतूद, असं नेमकं मागायचं. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आहाराची ‘विक’ नावाची सरकारी योजना आहे, तिच्या निधीसाठी हे लोक वर्षानुवर्षं मागे लागलेले आहेत. मला भावली ती ही चिकाटी. पाच मिनिटांत विरून जाणारी कणव आपल्याकडेही पोत्याने आहे.

आता पिकाचं. संकरित बियाणं, पाणी, खत यांचं मोल मी नाकारत नाही. पण १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं मेली ती फक्त पीक बुडालं म्हणून नव्हे. भाताचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलंय. उलट आपला १९७२चा दुष्काळ घ्या. शेतं करपली होती, तरी बंगालसारखी प्रेतं पडली नाहीत. दुष्काळी कामं निघाली, बायाबापड्यांनी खडी फोडली, हातात मजुरी आली, रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे परदेशातून आणलेली ज्वारी, आला (त्याची चव चांगली होती असं सांगणारं माणूस मला अजून भेटायचंय). विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे ‘मागेल त्याला काम’ या ज्या कल्पनेसाठी आधीपासून झटत होते तिला बळ मिळालं आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. हे धर्माने केलं नाही, मान्य. पण नुसत्या पिकानेही केलं नाही. लोकांनी रेटा लावला, सरकारला हलावं लागलं. सायमन यांनी त्या रेट्यासाठी चर्चमधली माणसं जमवली, एवढाच फरक.

पत्रांच्या बाबतीत मात्र तुमचा मुद्दा जड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७.३ कोटी लोक भुकेले होते, आणि २०३० पर्यंत हा आकडा शून्यावर आणायचं ठरलंय. सुदानमध्ये विस्थापितांच्या झमझम छावणीत माणसं अन्नावाचून मेली ती युद्धामुळे. बंदूकवाल्याला पत्राचं काय? २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्था, ‘यूएसएड’, मोडीत काढली. थाळीतली पत्रं ते थांबवू शकली नाहीत.

आणि सगळ्यात बोचरा मुद्दा तुम्ही काढलाच नाहीत, तो मीच काढतो. श्रद्धा ताटात वाढते तशी ताटातलं काढूनही घेते. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. लगेच धार्मिक भावनांचा प्रश्न उभा राहिला. चाळीस टक्के पालकांचा विरोध असेल तर त्या शाळेत अंडं नको, असं पुढे ठरलं. आणि २०२५च्या जानेवारीत तर अंड्यासाठीचा सरकारी पैसाच बंद झाला, शाळांनी लोकवर्गणीतून बघावं म्हणे. ज्या पोराच्या घरी डाळही पातळ असते, त्याच्या गावात अंड्यांची वर्गणी कोण देणार?

तो पैसा पुन्हा सुरू करा, असं पत्र शालेय शिक्षण विभागाला पाठवायचं माझ्या मनात आहे. मसुदा तुम्ही करा, तुमची भाषा माझ्यापेक्षा धारदार आहे. देवाचं नाव नसलं तरी चालेल, सही मी करतो.