शिक्का देणाऱ्याचं पोट कशावर चालतं?

आमच्या परभणीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हलालचा वाद पेटला की मी सहसा गप्प बसतो. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेशाने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली (निर्यात तेवढी सोडली) तेव्हा पेटला. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्रात झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आलं, तेव्हा पुन्हा. अर्धे म्हणाले हवं, अर्धे म्हणाले नको. शिक्का मारणारा कोण आणि त्याला पैसे कोण देतं, हे एकानेही विचारलं नाही. माझ्या मते आधी तेच विचारायला हवं, हलालबद्दल आणि मल्हारबद्दलही.

मी मलेशियात शाह आलमच्या एका बेकरी कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. इथे खासगी संस्थेला हलालचा शिक्का देताच येत नाही. तो ‘जाकिम’ हे सरकारी खातं देतं, नाहीतर राज्यांची धार्मिक खाती. तपासणीला एक शरियतचा जाणकार येतो, एक तांत्रिक. मागच्या खेपेला तांत्रिक बाजू बघणाऱ्या बाईंनी पावावर तेल फिरवायचा ब्रश उचलला, केस बोटांनी चोळून पाहिले आणि पुरवठादाराचा कागद मागितला, कारण डुकराच्या केसांचे ब्रश बाजारात मिळतात. मग ई-471 (पाव मऊ राहावा म्हणून घालतात तो पदार्थ) कशापासून बनवलंय, पामतेल की चरबी, त्यावर अर्धा तास. एवढं करूनही मंजुरी त्यांच्या हातात नव्हती. त्यांनी अहवाल द्यायचा, निर्णय वेगळ्या मंडळाने घ्यायचा.

म्हणजे सरकारकडे दिलं की प्रश्न सुटला, असं नाही. डिसेंबर 2020 मध्ये इथेच, बाहेरून आणलेल्या मांसावर खोटे हलाल शिक्के मारणाऱ्या टोळीची बातमी फुटली आणि अधिकाऱ्यांना लाच दिल्याचे आरोप झाले. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना.

आपल्या मोंढ्यात वजन मापाडी करतो. तो अडत्याचा गडी नसतो, त्याच्याकडे बाजार समितीचा परवाना असतो. तरीही काटा मारला जातो, ते वेगळं. पण म्हणून अडत्याच्या गड्यानेच माप करावं, असं कुठला शेतकरी म्हणेल?

अर्जदाराने फी भरण्यात गैर काही नाही, जगभर तसंच चालतं. खरी गोम पुढे आहे. मालाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी 17065 हे मानक आहे. त्यानुसार तपासणाऱ्याने निर्णय घ्यायचा नाही. संस्थेने त्याच गिऱ्हाइकाला सल्ला विकायचा नाही. इतकंच काय, ‘अमक्या सल्लागाराकडून जा, काम सोपं होईल’ असं सुचवायचंही नाही.

आता आमच्याकडे काय चालतं बघा. वसमतला माझा मावसभाऊ हळद दळतो. आखातातल्या गिऱ्हाइकाने हलाल प्रमाणपत्र मागितलं. एका सल्लागाराने फोनवरच सांगितलं: कागदपत्रं, कामगारांचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट, सगळं एका बिलात, “फेल व्हायचा प्रश्नच नाही, भाऊ.” मावसभाऊ खूश. मला म्हणाला, “दादा, स्वस्तात होतंय, तू कामून नको म्हणतोस?” मी म्हटलं, अरे, जो कुणाला नापास करतच नाही, त्याच्या ‘पास’ला गिऱ्हाईक काय किंमत देणार?

केंद्राने 2023 साली मांसाच्या निर्यातीसाठी नियम आणला: हलाल म्हणून पाठवायचं तर कारखान्याला ‘आय-कॅस हलाल’ योजनेतलं प्रमाणपत्र हवं आणि ते देणाऱ्या संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची मान्यता हवी. चांगलं पाऊल आहे. पण तो नियम मांसापुरता, आणि तोही निर्यातीपुरता. मावसभावाची हळद त्यात येत नाही. नांदेडच्या इतवाऱ्यात खिमा घेणारं गिऱ्हाईकही येत नाही. शिक्का पोकळ निघाला तर पहिली फसवणूक त्या श्रद्धेने घेणाऱ्या मुसलमान माणसाचीच होते, आणि आमच्या ग्रुपवरच्या भांडणात त्याची बाजू दोन्हीकडून कुणीच घेत नाही.

मावसभावाने शेवटी सल्लागाराला लेखी विचारलं: संस्थेला मान्यता कुणाची, निर्णय कोण घेतं, तुमचा आणि संस्थेचा संबंध काय? चार दिवसांनी उत्तर आलं. एका बिलाची दोन बिलं झाली होती, एक ट्रेनिंगचं, एक सर्टिफिकेटचं. पत्ता मात्र दोन्हींवर एकच होता.