सावकाश दमण्याचा व्यायाम

ताई ची हा संथ चिनी व्यायाम लांबून पाहिला की काही ज्येष्ठ मंडळी हवेतली जळमटं काढताहेत असं वाटतं. घाम नाही, धाप नाही, आरडाओरडा नाही. "एवढंच ना? हे मी झोपेतसुद्धा करीन," असं मनाशी ठरवून माणूस पहिल्या दिवशी येतो, आणि पंधराव्या मिनिटाला त्याच्याच मांड्या त्याला जाब विचारायला लागतात. मला विचाराल तर या व्यायामाची सगळी गंमत आणि सगळा छळ त्या संथपणातच आहे.

नेहमी चालताना आपण खरं म्हणजे हप्त्याहप्त्याने पडत असतो. अंग पुढे झुकतं, ते कोसळायच्या आत पुढचा पाय येऊन सावरतो, आणि वेग आपल्या बऱ्याच चुका पोटात घालतो. ताई चीत वेगाची ही सवलत बंद होते. पुढचा पाय जमिनीला टेकेपर्यंत अख्खं वजन मागच्या एकाच पायाने पेलायचं, तेही गुडघा किंचित वाकलेला ठेवून. दोन पावलांमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूला सुट्टी नाही. उतारवयात नेमकी हीच ताकद, एका पायावर ताबा ठेवायची, आधी घटते. आणि घटलीय हे कळतं पँट घालताना.

तर पाऊल. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, गुडघे ढिले. सगळं वजन उजव्या पायावर न्या. आता डाव्या पायाची टाच उचला, मग बोटं. वरचं अंग तसूभरही न कलता पाय उचलला गेला, तर वजन खरोखर गेलंय. उचलताना कंबर झटकन उजवीकडे सरकली, तर ते गेलेलं नव्हतं, तुम्ही फक्त तसं जाहीर केलं होतं. मग डाव्या पायाची टाच पुढे टेकवा, पण रिकामी. रिकामी म्हणजे कुणी "थांबा" म्हटलं तर अंग न हलवता पाय परत मागे घेता आला पाहिजे. त्यानंतर तळवा, मग बोटं, आणि सगळ्यात शेवटी वजन. पुढच्या पायावर साधारण 60 ते 70 टक्के गेलं की बास. गुडघ्याची दिशा पायाच्या दुसऱ्या बोटाकडे, आणि तो बोटांच्या टोकापुढे जाता कामा नये. मागे जाताना उलट क्रम: आधी बोटं, मग टाच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही पाय एकाच रेषेत पडणं. पुढचा पाय सरळ मागच्याच्या समोर टाकला की खालचा पाया दोरीएवढा अरुंद होतो आणि माणूस डोलायला लागतो. मग तो वयाला दोष देतो. वय बिचारं निर्दोष असतं. दोन टाचांमध्ये आडवं वीतभर अंतर ठेवलं की निम्मं डोलणं जागच्या जागी थांबतं.

दुसरी चूक अधिक महागाची आहे. वळताना पायावर वजन तसंच ठेवून अंग फिरवायचं. पाऊल जमिनीला चिकटलेलं, कंबर निघाली भलतीकडे, आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. गुडघा मुख्यतः पुढेमागे वाकण्यासाठी घडलेला आहे, पिळण्याची त्याची तयारी फारच बेताची. "ताई ची केलं आणि गुडघे धरले" ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते. उपाय सोपा, पण कंटाळवाणा: आधी वजन मागच्या पायावर बसवा, पुढच्या पायाची बोटं उचला, टाचेवर पाऊल फिरवा, आणि मगच त्यावर वजन घ्या. चार कामं आहेत, चारही करायची. घाईत दुसरं आणि तिसरं गाळलं जातं.

हातांबद्दल फार बोलत नाही, कारण सगळे जण हातांबद्दलच बोलतात. नवशिका हातांत इतका गुंततो की पाय कुठे आहेत याची चौकशीच करत नाही. हात हलतात ते कंबर वळते म्हणून. कंबर स्थिर ठेवून नुसते हात फिरवले तर ते वाहतूक पोलिसाचं काम झालं. खांदे कानांना भेटायला निघाले की कोपरं जड झाली आहेत असं समजायचं, खांदे आपोआप उतरतात. श्वासाचं तर पहिले काही महिने नावही काढू नये. हात वर जाताना आत, खाली येताना बाहेर, हे पुढे आपलं आपण जमतं. नियम एकच, श्वास कोंडायचा नाही. कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, आणि तोच आटोक्यात राहावा म्हणून तर अनेक जण इथे आलेले असतात.

नजर मात्र महत्त्वाची. सगळे पायांकडे बघतात. डोकं चांगलं पाच किलोच्या आसपास भरतं. ते पुढे लोंबकळलं की तोल त्याच्यामागोमाग निघतो. पाय पळून जात नाहीत, समोर बघा.

आता थोडं कूळ सांगतो. चीनच्या हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातून आलेली ही मुळात लढाईची कला. यांग घराण्याने तिला मऊ, संथ रूप दिलं, आणि 1956 साली चीनच्या क्रीडा खात्याने यांग शैलीतून 24 हालचालींचा सुटसुटीत संच बांधला. पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं लागतात. जुना लांब संच मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे शंभराच्या आसपास जातो. सुटसुटीत हा शब्द त्या मानाने घ्यायचा. कारण या 24 मध्ये 'साप खाली सरपटतो' नावाची एक हालचाल आहे. तिच्यात एका पायावर जवळजवळ उकिडवं बसून दुसरा पाय लांब पसरायचा आणि तिथून उठून थेट 'सोनेरी कोंबडा' व्हायचं, म्हणजे एका पायावर उभं राहायचं. साप झालेल्या माणसाचा पुन्हा कोंबडा होईलच याची हमी नसते. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी साप सरळ गाळावा, गुडघा थोडासाच वाकवून बाजूला वजन न्यावं, आणि पुढे काय चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. कोंबड्यालाही उचललेल्या पायाची बोटं जमिनीला टेकवून ठेवायची मुभा आहे. त्याने कोंबड्याची अब्रू जात नाही.

खरं तर ज्येष्ठांना 24 ची गरजही नाही. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेले, आधी पडलेले किंवा चालण्यात अडचण असलेले 670 लोक घेतले होते. त्यांतल्या ताई चीच्या गटाला शिकवल्या फक्त आठ हालचाली, तोलाला मुद्दाम आव्हान मिळेल अशा बेताने. आठवड्यातून दोनदा एकेक तास, 24 आठवडे. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा या गटात पडण्याचं प्रमाण 58 टक्के कमी निघालं, आणि ताकद, तोल, चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा 31 टक्के. मात्रा नीट वाचा: आठवड्याला दोन तास. सुट्टीच्या दिवशी एकदा हात हलवून उरलेले दिवस त्याविषयी बोलत राहणं हा वेगळा व्यायाम आहे.

सामानसुमान थोडकंच. पातळ, सपाट तळाचे, न घसरणारे बूट. धावण्याचे जाड, गुबगुबीत बूट नकोत, त्यांत जमीन कुठे आहे ते पायाला कळतच नाही. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून करणं म्हणजे अस्थितज्ज्ञाची वेळ आधीच घेऊन ठेवण्यासारखं. जाड गादीही नको, पाऊल तिच्यात रुततं आणि कडेला अडखळतं. हाताशी एक जड, चाकं नसलेली खुर्ची, पाठीमागे भिंत. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसून करावं, कंबर आणि खांदे तिथेही पुरेसे कामाला लागतात. आपल्याला जेवढं झेपतं त्याच्या सत्तर टक्केच करायचं, आणि सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. स्नायू थरथरले तर हरकत नाही. सांध्यात कळ आली, चक्कर आली, छातीत दुखलं, तर तिथेच थांबायचं. "आता एवढं संपवूनच बसतो" हे वाक्य इथे वर्ज्य आहे.

व्हिडिओ बघून शिकणार असाल तर पाठमोऱ्या शिक्षकाचा निवडा. समोरून शिकवणाऱ्याचा डावा म्हणजे आपला उजवा, हे गणित एका पायावर उभं राहून सुटत नाही.

वर्गात मात्र याहून बिकट प्रसंग येतो. हालचाली पाठ नसलेले सुज्ञ लोक रांगेच्या शेपटाला उभे राहतात, पुढच्याचं बघून करू म्हणून. अर्धा संच हे धोरण उत्तम चालतं. मग पंधराव्या हालचालीला सगळे जवळजवळ मागच्या दिशेला वळतात, डाव्या टाचेची लाथ मारतात, आणि शेपटाला लपलेला माणूस क्षणात संपूर्ण वर्गाचा पुढारी होतो. समोर रिकामं मैदान, मागे तीस माणसं त्याच्याकडे बघताहेत, आणि तो वळून त्यांच्याकडे. एका पायावर उभं असताना मान वळवणं ही पडण्याची सर्वांत खात्रीची रीत. म्हणून जाणते शिक्षक चारही कोपऱ्यांत एकेक मुरलेला विद्यार्थी उभा करतात, म्हणजे तोंड कुठेही असो, समोर कुणीतरी बरोबर करणारा असतो. या कोपऱ्यांतली माणसं दर महिन्याला बदलावीत. नाहीतर कोपरा हे पद होऊन बसतं आणि त्यासाठी निवडणूक घ्यावी लागते.