महाबळेश्वरला अजून खोल्या कशाला हव्यात?

वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला चढणाऱ्या पसरणी घाटात अडकलेल्या गाड्यांचा व्हिडिओ सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. खाली हसणाऱ्या इमोजींचा पाऊस. मला नाही येत हसू.

माझी मावशी लग्न करून महाबळेश्वरला गेली ती तिथलीच झाली. एका मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेले होते. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. आम्ही दोघी कळशा घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होतो. टँकर आला आणि आमच्या समोरून सरळ वरच्या हॉटेलच्या आवारात शिरला. मावशी गप्प. माझं डोकं अजून शांत होत नाही.

वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हो तिथे! कृष्णा, कोयना, वेण्णा तिथून निघतात. जुलै २०२१ मध्ये तर एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर कोसळला. पण सच्छिद्र जांभ्या दगडाचं पठार ते, पाणी झिरपतं, वाहतं आणि खाली निघून जातं. हाताशी राहतो वेण्णा तलाव, १८४२ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधलेला. पाचगणीचीही भिस्त त्याच्यावरच. तेव्हाचं गाव केवढं आणि आजची लाँग वीकेंडची गर्दी केवढी!

२००१ पासून हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कागदावर. प्रत्यक्षात आधी पत्र्याची शेड उभी राहते, मग तिच्यावर स्लॅब पडतो, मग दारांवर नंबर लागतात. खोल्या मोजतात, गाड्यांना जागा शोधतात, पाण्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

गावाचं पोट पर्यटकांवर आहे, मान्य. मावसभाऊही टॅक्सीच चालवतो. येणाऱ्यांवर माझा रागही नाही, पोरांना घेऊन दोन दिवस थंड हवेला कुणाला जावंसं वाटणार नाही? पण त्यासाठी मावशीनं म्हातारपणी कळशी उचलायची का? ती आता घर विकून वाईला यायचं म्हणतेय. गिऱ्हाईक तयार आहे, त्याला तिथे लॉज काढायचंय.

आणि वर सरकारचा ‘नवीन महाबळेश्वर’ हा नव्या गिरिस्थानाचा प्रकल्प! सातारा, पाटण, जावळीतली सुरुवातीलाच २३५ गावं धरली. अहो, जुन्याची तहान भागली का? माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या आर्किटेक्ट, इंजिनिअर मित्रांनो, तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही बोला. रोपवे आणि रिसॉर्टची चित्रं नंतर दाखवा म्हणावं. मे महिन्यात तिथल्या नळाला पाणी कुठून येणार, ते आधी लेखी द्या. तोवर एकाही नव्या खोलीला परवानगी नको.